सल्लागाराचा मुक्काम

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला दोन वर्षे लागतात आणि त्यांच्या मधोमध एक उन्हाळा येतो. त्या उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे एखाद्या कंपनीत उमेदवारी करायची, हा आता सगळीकडचा रिवाज आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमबीएला तिचे नाव ‘समर इंटर्नशिप प्रोजेक्ट’, मुलांच्या तोंडी नुसते ‘एसआयपी’. विळद घाटात, लोणीला किंवा संगमनेरला शिकणारा मुलगा ती बहुधा नगरच्या एमआयडीसीत, एखाद्या बँकेत नाहीतर पुण्यातल्या कंपनीत उरकतो. पण या सगळ्या उमेदवाऱ्यांत जिचा तोरा सर्वांत मोठा, ती म्हणजे परदेशातल्या मॅनेजमेंट कन्सल्टिंग कंपनीतली. लंडन, दुबई, सिंगापूर अशा ठिकाणी, आपण कधी न चालवलेल्या धंद्याला सल्ला देणाऱ्या चमूत दोन महिने बसायचे. आयआयएमच्या मुलांतसुद्धा ती फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि ज्याला मिळते त्याच्या गावात कौतुकाचा फलक लागायला वेळ लागत नाही. त्या कौतुकाला माझी ना नाही. ही उमेदवारी मोलाची आहेच, पण तिच्यातून मिळते ती अर्धी विद्या. ती निदान शिकवते, उपचार शिकवत नाही. उरलेली अर्धी शिकायला नगर जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडायची नाही, आणि हे मी जिल्ह्याच्या अभिमानापोटी म्हणत नाही. त्याला पुरावा आहे.

आधी ही उमेदवारी असते कशी ते पाहू. निवड ‘केस इंटरव्ह्यू’ने होते. समोरचा एक धंदा मांडतो, त्याचा नफा तीन वर्षांत का घटला ते विचारतो, आणि मुलाने कागद-पेन्सिल घेऊन मोठ्याने विचार करायचा. कधी प्रश्न नुसता अंदाजाचा असतो: नगर शहरात रोज चहाचे किती कप विकले जात असतील? उत्तराला महत्त्व नाही. लोकसंख्या, घराबाहेर पडणारी माणसे, टपऱ्या, माणशी कप अशी उतरंड लावता येते का, हे पाहायचे असते. निवड झाली की चार-पाच जणांच्या चमूत एक तुकडा हाती येतो. एखाद्या दुकानसाखळीचा गोदामखर्च, एखाद्या बँकेतले कर्जमंजुरीचे टप्पे, असे काहीतरी. मग आकडे मागवणे, ग्राहक कंपनीतल्या माणसांच्या मुलाखती, रात्री उशिरापर्यंत एक्सेल, आणि शेवटी ‘डेक’, म्हणजे स्लाइडांची चळत. मध्यावर एकदा आढावा, अखेरीस सादरीकरण, आणि काम पसंत पडले तर पदवीआधीच नोकरीचा प्रस्ताव, ज्याला मुले पीपीओ म्हणतात. या दोन महिन्यांत मुलगा खरोखर काही शिकतो. मोठ्या प्रश्नाचे एकमेकांवर न चढणारे तुकडे पाडणे, अनोळखी माणसाला न दुखावता नेमके विचारणे, निष्कर्ष आधी आणि कारणे नंतर लिहिणे. आपल्या बहुतेक महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या प्रोजेक्ट रिपोर्टांची पाने चाळली, की यातली एकेक सवय किती दुर्मीळ आहे ते कळते.

सल्ल्याचा हा धंदा पहिल्यापासून पोरसवदा नव्हता. बोस्टनची आर्थर डी. लिटल ही कंपनी १८८६ ची, शिकागोत जेम्स मॅकिन्झी यांनी काढलेली कंपनी १९२६ ची. सुरुवातीला अशा कंपन्यांचा सल्लागार म्हणजे धंद्यात केस पिकलेला माणूस असे. १९५० च्या दशकात मॅकिन्झीने हार्वर्डमधून नुकतीच बाहेर पडलेली मुले घ्यायला सुरुवात केली आणि तोच पुढे सगळ्यांचा पायंडा झाला. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या कारखानदाराला काय सांगायचे, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की अनुभवी माणसाच्या नजरेला सवयीने जे दिसेनासे होते ते नव्या नजरेला दिसते. हे उत्तर खरे आहे. पण त्यात फक्त दिसण्याचा हिशेब आहे, करण्याचा नाही.

दिसणे आणि करणे यांत किती अंतर असते, ते मोजण्याचा जगातला सर्वांत नेटका प्रयोग आपल्या महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर झालेला आहे. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेंझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड गिरण्या निवडल्या. एकूण १७ कंपन्या, त्यांच्या २८ गिरण्या, सगळ्या घरच्या मालकीच्या. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपनीचे सल्लागार त्यांना फुकट देण्यात आले. बाजारभावाने या सल्ल्याची किंमत गिरणीमागे सुमारे अडीच लाख डॉलर झाली असती. सल्लागारांना जे दिसले ते काही गूढ नव्हते. सुताच्या गोदामात कोणत्या पोत्यात कोणता माल आहे याची चिठ्ठी नाही, यंत्रांच्या वाटेत हत्यारे पडलेली, कापडात कोणता दोष कोणत्या मागावर वारंवार येतो याची नोंदच नाही. सुधारायच्या ३८ साध्या रीतींची यादी झाली. आणि मग प्रयोगाची खरी खुबी आली. काही गिरण्यांना फक्त महिनाभराचे निदान मिळाले: काय चुकते, काय करावे, याचा अहवाल. बाकीच्यांना तोच महिना आणि वर चार महिने सल्लागारांचा मुक्काम. रोज सकाळी मागाच्या खात्यात जायचे, फलकावर आकडे लिहून घ्यायचे, मालकाला आणि मुकादमाला एका टेबलाशी बसवायचे.

निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गिरण्यांत सल्लागार राहिले तिथे ३८ रीतींपैकी अंगवळणी पडलेल्यांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के-गुणांनी वाढले आणि पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी चढली. ज्यांना नुसता अहवाल मिळाला तिथे वाढ १२ टक्के-गुणांच्या आसपास थांबली. अहवाल तोच, सल्लागार तेच, गिरण्या एकाच पट्ट्यातल्या; फरक चार महिन्यांच्या मुक्कामाचा. आठ-नऊ वर्षांनी हेच संशोधक पुन्हा गेले तेव्हा रुजवलेल्या रीतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. गिरणीचा व्यवस्थापक बदलला की सुटायच्या, मालकांना लक्ष द्यायला सवड नसली की सुटायच्या. तरीही या गिरण्या बाकीच्यांच्या पुढेच होत्या, आणि काही रीती त्याच मालकाच्या दुसऱ्या गिरण्यांत आपणहून पसरल्या होत्या. म्हणजे सल्लागार हे नुसते थोतांड, हा आपल्याकडचा लाडका समज या पुराव्यापुढे टिकत नाही. पण सल्ला दिला म्हणजे काम झाले, हा धंद्याचा स्वतःबद्दलचा समजही टिकत नाही. उन्हाळी उमेदवाराचे आठ आठवडे या हिशेबात कुठे बसतात? निदानाच्या महिन्यात, आणि फार तर त्याच्या पुढच्या चार दिवसांत. डेक सादर झाला की तो विमानात बसतो. त्याच्या शिफारशीचे पुढे काय झाले, ते त्याला बहुधा कधीच कळत नाही.

हेच नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याशी उभे राहून पाहावे. ऊस तुटला की त्याच क्षणापासून तो वाळायला लागतो, वजन घटते, साखर उलटते. ऊन वाढले की घट आणखी वेगाने होते. त्यामुळे तोड ते गव्हाण, म्हणजे ऊस गाळपासाठी टाकतात ती जागा, हा वेळ जितका कमी तितका साखरेचा उतारा बरा. हुशार उमेदवार दोन दिवसांत हे मांडेल: गाड्यांच्या येण्याच्या वेळा, काट्यावरची रांग, अड्ड्यात ताटकळलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, ताशी गाळप. एक सुबक आलेख, एक शिफारस: तोडीचे वेळापत्रक गव्हाणीच्या वेगाशी जुळवा. अगदी बरोबर. आता ते जुळवायला बसा. टोळ्या पाथर्डी, बीड, आष्टी भागांतून आलेल्या. त्यांना मुकादमामार्फत उचल पावसाळ्यातच देऊन झालेली. टोळीला फिरती राहुटी आवरून दुसऱ्या गटात जायला सांगितले तर तिचा एक दिवस बुडतो आणि पैसे टनावर मिळतात. नोंद लागणीच्या तारखेने लागलेली, पण ज्याच्या उसाला तुरा आला तो सभासद रोज गट कार्यालयात येऊन बसतो. तो मतदारही असतो आणि निवडणूक जवळ आलेली असते. गटातल्या उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयला हे सगळे ठाऊक असते, कार्यकारी संचालकाला बरेचसे, अध्यक्षाला सगळेच. ठाऊक नसते ते फक्त स्लाइड करणाऱ्याला. कापलेल्या मोळीपाशी थांबलेला वेळ हा साखरेच्या रसायनशास्त्राचा प्रश्न दिसतो, पण तो उचलीच्या, मजुरीच्या आणि सत्तेच्या गणितात अडकलेला असतो. उपचार तिथे करायचा असतो.

गंमत अशी, की बाहेरच्या सल्लागाराने मुक्काम केला तर काय होते, याचे उत्तम उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकले, भारतीय उद्योगांच्या वाटचालीवरचा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये निघाला, आणि १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली तेव्हापासून ते तिचे संचालक होते. परदेशी पदवी, आकड्यांवर हुकमत, धोरणकर्त्यांत ऊठबस. आजच्या कन्सल्टिंग कंपनीने पायघड्या घातल्या असत्या असा माणूस. कालव्याच्या पाण्यावरच्या बागायतदारांची दुखणी त्यांनी अभ्यासली होती. १९४५ मध्ये बेलापूरला दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. खासगी कारखान्याला ऊस घालून त्याच्या दराकडे डोळे लावण्यापेक्षा शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढावा, हा विचार तिथून जोराने पुढे गेला. निदान इथे पूर्ण झाले होते. गाडगीळ पुण्याला परतून एक दर्जेदार निबंध लिहू शकले असते. त्याऐवजी लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, मुंबई प्रांताचे अर्थ आणि सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले, १९४८ मध्ये प्रवरा कारखान्याची नोंदणी झाली, १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले आणि अध्यक्षाच्या खुर्चीत गाडगीळच बसले. पहिली जवळपास दहा वर्षे ते तिथे होते.

या दहा वर्षांना फार महत्त्व आहे आणि आपल्याकडे त्यांचा उल्लेख गौरवग्रंथापुरताच होतो, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. अध्यक्ष झालेल्या अर्थशास्त्रज्ञाला उसाच्या दराचा सिद्धांत मांडून भागत नाही. सभासदाला हप्ता किती आणि केव्हा द्यायचा, नफ्यातले किती वाटायचे आणि किती ठेवायचे, हे त्याला सर्वसाधारण सभेत उभे राहून पटवावे लागते. आपलाच सल्ला चुकला तर त्याची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागते. विखे पाटलांचे शालेय शिक्षण तुटपुंजे होते, पण कोणत्या गावातला कोण शब्दाला जागेल हे त्यांना माहीत होते, आणि हे ज्ञान गाडगिळांकडे नव्हते. दोघांची मिळून एक विद्या पूर्ण झाली. पुढे राज्यभर उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यांना नमुना मिळाला तो या जोडीतून. नुसता अहवाल लोणीला आला असता तर तो कुठल्या कपाटात गेला असता, ते सांगायला नको.

दुसरे उदाहरण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, मग नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात चार वर्षे राबले. बरे करून पाठवलेला रुग्ण त्याच आजाराने परत येतो, हे त्यांनी तिथे पाहिले. त्यानंतर ते अमेरिकेला गेले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. १९७० मध्ये ते जामखेडला आले, त्या वेळच्या भीषण दुष्काळाच्या तोंडावर. त्यांच्याजवळ आरोग्याची योजना होती. गावे म्हणाली, आधी पाणी. मग त्यांनी पाण्यापासून सुरुवात केली, आणि हातपंपाची जागा दलित वस्तीत धरली; ज्याला पाणी हवे त्याने तिथे यावे. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहीनात, तेव्हा गावातल्याच, बहुधा निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. या भागात १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत. १९९० च्या दशकात ते तिसाच्या आत आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगातल्या मोजक्या प्रयोगांत जामखेडची नोंद घेतली, आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि आज परदेशी विद्यापीठांतले विद्यार्थी जामखेडला येऊन गावच्या आरोग्यसेविकांकडून धडे घेतात. परदेशी उमेदवारीची उलटी वाट आहे ही, आणि आपल्या मुलांना तिचा पत्ताच नसतो. मला यात क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी वडाळा, मग बाल्टिमोर, मग जामखेड. बाल्टिमोरला त्यांनी जे विचारले ते वडाळ्याने शिकवलेले होते. वडाळ्याशिवाय बाल्टिमोर झाले असते, तर एक चांगली पदवी झाली असती.

जिल्ह्यातल्याच हिवरे बाजार या गावाबद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे एकच गोष्ट पुरे. पाणी मोजा आणि त्यावर पीक ठरवा, हे निदान महाराष्ट्रातल्या कुठल्याही जलतज्ज्ञाने पन्नास वेळा केलेले आहे. एम.कॉम. झालेले पोपटराव पवार १९८९ मध्ये गावात परतून सरपंच झाले, आणि गावाने सिंचनासाठी बोअरवेल नको, ऊस नको, हे ठरवून पाण्याचा ताळेबंद दर वर्षी ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली. १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखाली असलेली १६८ कुटुंबे पुढे तीनवर आली. ताळेबंद कुणीही मांडील. त्यात कमी पाऊस दिसल्यावर शेजाऱ्याला कांद्याऐवजी हरभरा घ्यायला लावणे, आणि तेही तीन दशके, हे काम मुक्कामाचेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मोठ्या कंपन्या आता अंमलबजावणीचीही कामे घेतात, नुसते अहवाल लिहिण्याचे दिवस गेले. खरे आहे, काही अंशी. पण कंपनी अंमलबजावणी करते म्हणून उन्हाळी उमेदवार ती पाहतो असे होत नाही. त्याचे आठ आठवडे तेवढेच राहतात. शिवाय मुक्कामाचा अर्थ नुसते हजर राहणे नव्हे, परिणामाची झळ सोसणे. तिथे या धंद्याचा इतिहास फारसा उजळ नाही. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या वाढीचे शिल्पकार जेफ्री स्किलिंग १९९० मध्ये मॅकिन्झीतूनच तिथे गेले होते, आणि मॅकिन्झी एन्रॉनला पुढेही सल्ला देत राहिली. २००१ च्या डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली; त्याआधी काही महिने तिचा दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडलेला होता आणि त्याचा भार महाराष्ट्राच्या डोक्यावर होता. अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामकांच्या विक्रीसाठी दिलेल्या सल्ल्याबद्दल मॅकिन्झीने २०२१ मध्ये, चूक कबूल न करता, ५७ कोटी ३० लाख डॉलर भरून बहुतेक राज्यांशी तडजोड केली. कंपनी पैसे भरते. पण ज्या मुलाने अमुक भागात विक्री वाढवा असा तक्ता केला, त्याला त्या भागातले एकही घर पाहावे लागत नाही. तो वाईट माणूस असतो असे नाही. कामाची रचनाच अशी आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो नगरकरच घेतील. ज्या सहकाराचे गोडवे गाता त्याची आज काय अवस्था आहे? कर्जात बुडालेले कारखाने, लिलावात गेलेले कारखाने, घराण्यांच्या मुठीतली संचालक मंडळे. तिथून मुलांनी काय शिकायचे, पैसे थकवायला? उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक असताना, थकबाकीची आंदोलने हंगामागून हंगाम होतच राहतात. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तरीही तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. धडधाकट संस्थेत व्यवस्थापन दिसत नाही. ते दिसते ते जिथे अडते तिथे. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून १९८० मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो साखरेच्या राजकारणावरचा पायाभूत ग्रंथ ठरला, कारण त्यांनी आदर्श शोधला नाही, गटातटांचे व्यवहार पाहिले. कारखाना का बुडाला, कोणता निर्णय कोणत्या हंगामात अंगाशी आला, आसवनी आणि सहवीजनिर्मितीसाठी काढलेल्या कर्जाने कुणाला तारले आणि कुणाला बुडवले, हे ज्याने एकदा मुळापासून पाहिले, त्याला लंडनमधल्या दुकानसाखळीचा ताळेबंद पाहताना कुठे बोट ठेवायचे ते उमजेल.

तिसरा आक्षेप पालकांचा. हे सगळे ठीक आहे, पण परदेशी नाव लागले की पोराची चार दारे उघडतात, इंग्रजीची भीड मोडते, पगार वाढतो. गरिबाच्या मुलाला खेड्यात थांबवून श्रीमंताची मुले लंडनला, असाच हा उपदेश नाही का? अजिबात नाही. दारे उघडतात हे खरे, आणि ती उघडण्याचा हक्क पाथर्डीच्या मुलालाही तितकाच आहे. म्हणून तर या उमेदवारीचे व्यवहार त्याला आधी नीट कळायला हवेत. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला उन्हाळी कामासाठी सीपीटी ही परवानगी लागते आणि ती साधारणपणे पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते. ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स घेणाऱ्यांना दलाल जे सांगत नाहीत ते हे, की त्या वर्षीचा उन्हाळा बहुधा प्रबंधात जातो. तिथे ‘समर इंटर्नशिप’ बसतच नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने नोकरीसाठीच्या नव्या एच-१बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हा उमेदवारीतून थेट तिथली नोकरी हे गणितही डळमळले. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी पदवीपर्यंत नेते, ही मोठी गोष्ट आहे. पण केस इंटरव्ह्यूची तयारी, ओळखीपाळखी, सुरुवातीचा खर्च यांत ज्याच्या घरी आधीपासून कंपनीतली माणसे आहेत तोच पुढे राहतो. ही दरी बोलण्याच्या सफाईने भरत नाही. भरली तर ती एका गोष्टीने भरेल: मुलाखतीत दुसऱ्या कुणाजवळ नसलेला, आतून-बाहेरून माहीत असलेला एक धंदा सांगता येण्याने. ज्याने दूध संकलन केंद्रावर फॅटचा वाद सोडवताना पाहिला आहे, कांद्याच्या लिलावात भाव पडताना व्यापाऱ्याचे आणि शेतकऱ्याचे दोन्ही हिशेब ऐकले आहेत, त्याच्या केसला पुस्तकी वास येत नाही.

जाणाऱ्याने जरूर जावे, फक्त दोन-तीन गोष्टी विचारून जावे. गेल्या वर्षीच्या उमेदवाराने केलेल्या शिफारशीचे काय झाले, हे मुलाखत घेणाऱ्यालाच विचारता येते. चांगली कंपनी या प्रश्नाने चिडत नाही. काम ग्राहकाच्या जागेवर बसून करायचे की मुख्यालयातल्या काचेच्या खोलीत, हेही विचारावे. स्लाइडा करण्याचे कष्टाचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता चुटकीसरशी करू लागली आहे, त्यामुळे निव्वळ त्यासाठी घेतलेल्या उमेदवाराला तिथे शिकायला फार काही उरणार नाही.

आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना एक साधी दुरुस्ती करता येण्याजोगी आहे. विद्यापीठाची एसआयपी उन्हाळ्यात येते, आणि साखर कारखान्याचा हंगाम तोवर संपलेला असतो. उमेदवाराला दिसतात ती उघडून ठेवलेली यंत्रे, ओव्हरहॉलिंगची कामे आणि तोडणी-वाहतुकीच्या करारांची लगबग. मुकादमाला उचल किती द्यायची ते याच दिवसांत ठरते, म्हणून हे आठवडे वाया जात नाहीत. तेव्हा त्याने अंदाज मांडावा, कोणत्या गटातून किती ऊस कधी येईल, काट्यावर रांग केव्हा लागेल, कोणता करार फसेल. पण मग अहवालावर सही-शिक्का घेऊन प्रकरण मिटवू नये. अहवालाचे निम्मे गुण राखून ठेवावेत, आणि गव्हाणीत मोळी पडल्यावर, दिवाळीनंतरच्या एका आठवड्यात, त्याच मुलाला त्याच गट कार्यालयात पाठवावे. उन्हाळ्यात लिहिलेल्या तक्त्याशेजारी त्याने खरे आकडे लिहावेत, आणि दोन्ही कागद चिटबॉयसमोर बसून वाचून दाखवावेत.